नवी रायफल, जुनी मान

पेटी उघडली आणि सगळ्यात आधी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) मागे ओढून करंगळी चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकापाशी, नेली. पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंची रायफलीचं, चेंबर इतकं अरुंद असतं की करंगळीचं टोकही आत शिरत नाही, नुसती कड बोटाला लागते. रायफल कारखान्यातून थेट आलेली, तिच्यात काडतूस असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी डोळ्यांनी पाहिलं आणि बोटानेही चाचपलं. बंदूक हातात घेतली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं आणि मग रिकामी असल्याची खात्री करायची, हे शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तेवढं झाल्याशिवाय पेटीतल्या माहितीपत्रकालाही हात लावावासा वाटला नाही.

मग बोल्ट पूर्ण बाहेर काढला आणि बॅरल उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत डोकावले. आतल्या बारीक खोबण्या वळण घेत पुढे जात होत्या, पण उजेड जरा दुधट दिसत होता. गंज धरू नये म्हणून कारखान्यात लावलेलं तेल होतं ते. ते तसंच ठेवून गोळ्या झाडल्या तर पहिल्या काही गोळ्या कुठेही जातात आणि आपण उगाच स्कोपला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, दोष देत बसतो. म्हणून कापडाच्या कोरड्या चिंध्या मागून पुढे, चेंबरकडून तोंडाकडे, एकेक करून ओढल्या. पहिली पिवळट निघाली, दुसरी तिच्याहून फिकी, पाचवी स्वच्छ. पुन्हा डोकावले तेव्हा खोबण्यांच्या कडा लख्ख दिसल्या. पॉइंट टू-टूच्या बॅरलमध्ये त्या सहसा दर १६ इंचांना एक पूर्ण फेरा घेतात. जेमतेम अडीच ग्रॅमच्या शिशाच्या गोळीला स्थिर ठेवायला तेवढा फिरकीचा वेग पुरतो.

इतकी वर्षं मी क्लबच्या रायफलीवर शिकले. ती कोणा एकाची नव्हती. सकाळी कुणी उंच मुलगा तिच्यावर सराव करायचा, मग मी, मग आणखी कुणी. आपल्याला हवी तशी ती कुणीच करून घेत नसे, कारण पुढच्याला ती पुन्हा फिरवावी लागली असती. तिचा दस्ता माझ्या हाताला लांब होता. खांद्याला लावली की डोळा साईटपासून, म्हणजे नेम धरायच्या खुणेपासून, दूर राहायचा, मग मी मान पुढे काढायची, जराशी उजवीकडे कलती करायची आणि गाल लाकडावर दाबून धरायची. दोन-तीन वर्षांनी हे सगळं आपोआप व्हायला लागलं. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझी पोझिशनच तशी आहे. चांगले गुणही पडत होते. त्यामुळे त्या मानेबद्दल कधी शंका आली नाही.

नवी रायफल घ्यायचं कारण मात्र मान नव्हती, डोळे होते. चाळिशी लागली आणि पुढची साईट धूसर दिसायला लागली. साध्या साईटवर नेम धरताना डोळ्याने पुढची साईट तीक्ष्ण पाहायची असते आणि टार्गेट थोडं अस्पष्ट राहू द्यायचं असतं. जवळचं पाहायची ताकदच कमी झाली की तिथे अडतं. स्कोपमध्ये टार्गेट आणि नेमाची फुली दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, डोळ्याला निवड करावी लागत नाही. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात भिंगाचा असा स्कोप चालत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या वाटेने मी जाणार नव्हतेच. मला रविवारी सकाळी ५० मीटरवर शांतपणे पाच गोळ्या एकमेकींजवळ पाडायच्या होत्या, आणि त्या पुढची निदान वीस वर्षं पाडायच्या होत्या.

पॉइंट टू-टू म्हणजे रिमफायर, कडेवर घाव बसून पेटणारं काडतूस. या काडतुसाबद्दल मला पहिल्यापासून माया आहे. तळहातावर एक घेऊन पाहा. पितळेची नळी, तळाशी बाहेर आलेली बारीक कड, वर शिशाची गोळी. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मध्यभागी एक वेगळी टोपी बसवलेली असते, स्फोटक तिच्यात असतं. इथे तशी टोपी नाही. ओलं स्फोटक मिश्रण नळीच्या तळाशी टाकतात आणि नळी गरगर फिरवतात, म्हणजे ते कडेच्या पोकळीत चहूबाजूंनी जाऊन बसतं. मग वाळवून वर दारू आणि गोळी. फायरिंग पिन या कडेवर आपटते, पितळ चेमटतं आणि आतलं मिश्रण पेटतं. कड चेमटायची म्हणजे पितळ पातळच ठेवावं लागतं, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाबही मोठ्या रायफलींच्या निम्म्याहून कमी ठेवावा लागतो. धक्का नाममात्र, आवाज सोसण्यासारखा आणि बॅरल झिजायला वर्षानुवर्षं लागतात, ते सगळं या एका पातळ कडेमुळे.

कल्पना जुनी आहे. लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिराने १८४५ मध्ये घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून असं छोटं काडतूस केलं. त्यात वेगळी दारूच नव्हती, नुसत्या त्या मिश्रणाच्या जोरावर गोळी जायची. १८५७ मध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट आलं आणि १८८७ मध्ये आज आपण वापरतो ते लाँग रायफल. त्यानंतर जग इतकं बदललं, पण ते काडतूस त्याच मापाचं राहिलं. गोळीवर बाहेरून मेणाचा पातळ थर असतो, तोही तसाच. डबी हाताळली की बोटांना तो चिकट ओशटपणा लागतो. म्हणून काडतूस खाली मातीत पडलं तर मी ते पुन्हा भरत नाही. मेणाला चिकटलेले वाळूचे कण बॅरलमधून घासत जावेत असं मला वाटत नाही.

पहिले दोन दिवस मी एकही गोळी झाडली नाही. रायफल अंगाला बसवण्यातच गेले.

नव्या रायफलीचा दस्ता मागून कमी-जास्त करता येतो. बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि दस्ता यांच्यामध्ये सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या असतात, त्या काढायच्या किंवा घालायच्या. आली तेव्हा तिच्यात तीन होत्या. मी चटईवर पालथी पडले, रिकामी रायफल खांद्याला लावली, डोळे मिटले, अंग सैल सोडलं, दोन श्वास घेतले आणि डोळे उघडले. स्कोपमध्ये काळा अंधार. डोकं मागे होतं. मान पुढे काढली की चित्र दिसायचं. एक चकती काढली. पुन्हा पडले, डोळे मिटले, उघडले. अजून अर्धचंद्रासारखी काळी सावली. दुसरीही काढली. आता डोळे उघडले तर पूर्ण गोल, काठोकाठ उजळ.

डोळे मिटून का? कारण उघडे असले की शरीर लबाडी करतं. चित्र दिसत नाही म्हटल्यावर मान न सांगता सरकते, खांदा वर येतो, आणि आपल्याला वाटतं रायफल बरोबर बसली. डोळे मिटले की शरीराला कळत नाही कुठे जायचं, ते आपल्या जागी राहतं. उघडल्यावर जे दिसेल ते खरं माप.

चीकपीसची, म्हणजे गाल टेकायच्या पट्टीची, उंचीही अशीच ठरवली. खाली असला की डोकं अधांतरी राहतं, हनुवटीने आधार शोधायला लागतं. वर असला की डोळा स्कोपच्या मधल्या रेषेच्या वर जातो. दोन मिलिमीटरनेही फरक पडतो, हे मी याआधी फक्त ऐकलं होतं. गालाचं हाड निवांत टेकलं आणि डोळा आपोआप भिंगाच्या मधोमध आला, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मानेच्या मागच्या शिरा ओढल्या गेलेल्या नाहीत. इतकी वर्षं त्या ओढलेल्या होत्या हे कळायलाही त्या सैल व्हाव्या लागल्या.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. स्कोप पुढे-मागे कुठे बसवायचा हे उभं राहून ठरवू नये. उभं असताना डोकं मागे असतं, पालथं पडल्यावर तेच पुढे येतं. डोळा आणि भिंग यांच्यात साधारण ८-९ सेंटिमीटर अंतर लागतं, आणि ते जिथे आपण खरोखर गोळी झाडणार त्याच स्थितीत मोजायला हवं. मी पालथी पडूनच स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा सैल ठेवून तो सरकवला आणि मग पेन्सिलीने खूण केली.

आता राहिली फुली सरळ उभी आहे की नाही. यासाठी मी ओळंबा लावला, गवंडी भिंत ओळंब्यात आहे का ते पाहतो तोच. जाड दोरा, खाली वजन, समोर लांबवर टांगलेला, वारा लागणार नाही अशा जागी. रायफल स्टँडवर पातळीत ठेवली, स्कोपमधून दोऱ्याकडे पाहिलं आणि फुलीची उभी रेघ दोऱ्याला मिळेपर्यंत स्कोप रिंगांमध्ये केसाकेसाने फिरवला. या कामाला तासभर लागला आणि तो तास मला फार आवडला. आधी रेघ आणि दोरा यांच्यात खाली बारीक फट राहायची. मग वर राहायची. मग एका क्षणी दोरा दिसेनासाच झाला, रेघेच्या मागे पूर्ण लपला. श्वास रोखून स्क्रू आवळायला घेतले, तर आवळताना स्कोप पुन्हा पाव अंश फिरला. पुन्हा सैल, पुन्हा ओळंबा. स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला जायचं नाही. आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे. जोरही फार लागत नाही, रिंगांच्या वरच्या स्क्रूंना सहसा २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो, आणि त्यासाठी टॉर्कचा, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच थांबणारा, पाना वापरावा. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांनी कितीतरी स्कोपच्या नळ्या चेपल्या आहेत.

फुली तिरपी असेल तर बिघडतं काय? ५० मीटरवर फारसं नाही. पण या गोळीचा वेग कमी, त्यामुळे ती पडते फार. ५० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे फुली जिथे तिथेच पडेल अशी जुळवलेली, साध्या वेगाची गोळी १०० मीटरवर वीतभर खाली जाते. तेवढं वर उचलायला स्कोपवरची नेम बदलायची चकती फिरवली आणि फुली तिरपी असली, तर गोळी वर जाता जाता बाजूलाही सरकते. जवळ लपलेली चूक लांब गेल्यावर उघडी पडते.

भिंगाचं फोकसही आपापल्या डोळ्याला लावून घ्यावं लागतं. मोकळ्या भिंतीकडे स्कोप धरायचा, एकदोन सेकंद पाहायचं, नजर काढायची, पुन्हा पाहायचं, आणि पहिल्या नजरेत फुली ठसठशीत दिसेपर्यंत मागची कडी फिरवायची. जास्त वेळ टक लावून बसलं की डोळाच जुळवून घेतो आणि फसवतो. पॅरलॅक्सचंही तसंच. रायफल न हलवता डोकं किंचित इकडेतिकडे केलं आणि फुली टार्गेटवर सरकताना दिसली, तर स्कोप त्या अंतरासाठी जुळलेला नाही असं समजायचं. मोठ्या रायफलींसाठी बनवलेले अनेक स्कोप १०० यार्डांना जुळवलेले असतात, ५० मीटरवर ते हा त्रास देतात. रिमफायरसाठी ५०-६० यार्डांना जुळवलेले मिळतात, किंवा अंतर बदलता येईल असा घ्यावा. मी बदलता येणारा घेतला.

तिसऱ्या दिवशी रेंजवर गेले. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, रायफल सँडबॅगवर. आधी २५ मीटर. बोल्ट काढून बॅरलमधून टार्गेटचं काळं वर्तुळ मधोमध धरलं आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच्यावर आणली. तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही कागदावर, उजवीकडे ४ सेंटिमीटर आणि खाली ६. स्कोपच्या चकतीची एक क्लिक म्हणजे पाव मिनिट (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग), २५ मीटरवर साधारण १.८ मिलिमीटर. म्हणजे २२ क्लिक डावीकडे, ३३ वर. हिशोब कागदावर केला, चकत्या फिरवल्या, पुढच्या तीन गोळ्या काळ्यात बसल्या. मला फार आनंद झाला. आता ५० मीटरवर गेलं की झालंच, असं वाटलं.

झालं नाही. ५० मीटरवर पहिल्या पाच गोळ्या जरा उजवीकडे पडल्या. चार क्लिक डावीकडे दिल्या. पुढच्या पाच अपेक्षेपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त डावीकडे गेल्या. परत आणलं, तर आता वर. मी काडतूस बदललं. मग चीकपीस किंचित वर केला, कारण वाटलं डोळाच चुकतोय. दुपार होईपर्यंत टार्गेटवर पन्नासेक भोकं होती आणि त्यांच्यातून मला काहीही कळत नव्हतं.

रेंजवर एक सर आहेत, आता स्वतः कमी झाडतात, दुसऱ्यांचं बघत बसतात. ते मागे येऊन उभे राहिले.

"आत्ता काय बदललंस?"

"सर, चार क्लिक डावीकडे दिल्या. काडतूसही बदललं. आणि चीकपीस थोडा वर केला."

"मग गोळी यातल्या कुणाचं ऐकून तिकडे गेली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला रायफल रिकामी करायला लावली, बोल्ट काढून बाजूला ठेवायला लावला, आणि म्हणाले, "आता स्कोपला हात न लावता सांग, या रायफलीतल्या कुठल्या स्क्रूंवर तू स्वतः पाना फिरवलास." मी मोजले. रिंगांचे सगळे. दस्त्याचे दोन. आणि रिंगा ज्या पट्टीवर बसतात ती रेल? ती कारखान्यातूनच बसवून आली होती. ती घट्ट असणार, हे मी धरूनच चालले होते.

स्कोप काढला. रेलवर अंगठा ठेवून दाबला तर काही दिसलं नाही, पण कान जवळ नेल्यावर ऐकू आलं. अगदी बारीक, टिक. मागच्या स्क्रूवर पाना ठेवला आणि तो काहीही विरोध न करता पाव फेरा फिरला. दर गोळीला सगळा स्कोप त्या पाव फेऱ्याच्या जागेत डुलत होता, आणि मी क्लिक मोजत बसले होते.

घरी नेऊन चारही स्क्रू काढले. आटे स्पिरिटने पुसून तेल घालवलं, प्रत्येकावर स्क्रू धरून ठेवणाऱ्या द्रवाचा लहानसा थेंब लावला, टॉर्कच्या पान्याने आवळले आणि रात्रभर तसेच ठेवले. ओळंबा पुन्हा टांगला. या वेळी तास लागला नाही.

त्या दिवसापासून मी वही ठेवते. तारीख, वारा, काडतुसाचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक), अंतर, आणि एक रकाना: बदल. त्या रकान्यात एका वेळी एकच गोष्ट लिहायची.

लॉट नंबर का लिहायचा, हे पॉइंट टू-टूवाल्यांना सांगावं लागत नाही. मोठ्या रायफलीवाले आपली काडतुसं घरी पुन्हा भरतात, दारू कमी-जास्त करून बघतात. आपल्याला ते जमत नाही. एकदा कड चेमटली आणि आतलं मिश्रण जळलं की ते पितळ संपलं. जे डबीत मिळतं तेच घ्यायचं, आणि आपल्या बॅरलला त्यातलं काय रुचतं ते शोधायचं. मी तीन प्रकार आणले होते. एक वेगवान, दोन साध्या वेगाचे. प्रत्येक प्रकार सुरू करण्याआधी दहा-पंधरा गोळ्या कुठेही झाडल्या, म्हणजे आधीच्याचं मेण जाऊन नव्याचं बॅरलमध्ये बसेल. मग दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पाडलेले झुबके. पाचांचा ग्रुप फसवतो, एखाद्या नशीबवान पंचकावर मी आधी कितीदा भाळले आहे.

वेगवान काडतूस ४१ मिलिमीटर पसरलं. साध्यातलं एक ३०, दुसरं १९. तिसऱ्या प्रकारच्या डब्या आणखी मागवल्या तर लॉट वेगळा आला, आणि तो २६. नाव तेच, डबी तीच.

वेगवान गोळी जास्त अचूक असेल असं नवख्याला वाटतं. पण साध्या वेगाची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमी. वेगवान गोळी आवाजाच्या पुढे सुटते आणि वाटेत पुन्हा त्याच्या मागे येते. तो उंबरठा ओलांडताना तिला हिसके बसतात. शिवाय आडव्या वाऱ्यात ती उलट जास्त वाहवते, कारण वाऱ्याने किती ढकललं जाणार हे गोळीने वाटेत किती वेग गमावला यावर अवलंबून असतं, आणि आवाजाच्या वेगाजवळ हवा सगळ्यात जास्त अडवते. सावकाश गेलेलीच कमी भरकटते, हे मला कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं.

एका डबीतलं एक काडतूस उडालंच नाही. नुसता खट् आवाज. बोल्टला हात न लावता, तोंड टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद मोजले, कारण कधीकधी दारू उशिरा पेटते. मग काढलं. कडेवर पिनेची खूण स्वच्छ आणि खोल होती, म्हणजे पिन बरोबर आपटली होती. मिश्रण त्या जागी पोहोचलं नसणार. रायफलीला दोष देण्याआधी ती खूण पाहायची. ते काडतूस रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकलं.

तर रेल घट्ट झाली, काडतूस ठरलं, ५० मीटरवर झिरो झालं. आणि तरी दहातल्या दोन-तीन गोळ्या डावीकडे जात राहिल्या. वर नाही, खाली नाही, डावीकडे. बाकीच्या एकमेकींना चिकटून आणि या दोन-तीन बाजूला.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटरची. तेजस्विनी सावंतने २०१० च्या म्युनिकमधल्या जागतिक स्पर्धेत याच वर्तुळावर, तेही साध्या साईटने, साठ गोळ्यांत ६०० पैकी ५९७ मारले होते. मी सँडबॅगवर टेकून, स्कोपमधून, दहात तीन बाहेर पाडत होते. त्यामुळे आपल्या हातून काय चुकतंय ते शोधणं भाग होतं.

सरांना पुन्हा बोलावलं. मला वाटलं ते टार्गेट बघतील, दुर्बिणीतून ग्रुप पाहतील. त्यांनी टार्गेटकडे पाहिलंच नाही. माझ्या बाजूला गुडघ्यावर बसले आणि दहाही गोळ्या होईस्तोवर माझ्याकडे बघत राहिले. उठून म्हणाले,

"मान पुढे कशाला काढतेस? आता रायफल जवळ आली आहे ना."

मला पटेना. मी तर निवांत पडले होते, गाल टेकलेला, चित्र काठोकाठ. तेव्हा त्यांनी रिकाम्या चेंबरमध्ये डमी काडतूस घालायला लावलं. पॉइंट टू-टूच्या काही रायफलींत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढला तर पिन चेंबरच्याच कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते, म्हणून मध्ये काहीतरी हवं. "ट्रिगर ओढ आणि फुली कुठे जाते ते बघ. डोळे मिटू नकोस." ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. चौथ्या वेळी, ट्रिगर सुटण्याच्या ऐन आधी, फुलीने डावीकडे लहानशी उडी घेतली.

तेव्हा कळलं. गोळी सुटणार असं वाटलं की माझी मान बोटभर पुढे सरकत होती आणि गाल दाबत होता. गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला असतो, तो दाबला की दस्ता उजवीकडे जातो, आणि रायफल पुढे सँडबॅगवर टेकलेली असल्याने तिचं तोंड डावीकडे. क्लबच्या लांब रायफलीवर तो दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत कायम असायचा, म्हणून तो हिशोबात धरलेला होता. इथे दाबायची गरज नव्हती, म्हणून मान निवांत राहायची, आणि शेवटच्या क्षणी जुनं काम आठवल्यासारखी धावत यायची.

मला त्या मानेचा राग आला नाही. तिने इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापाची रायफल माझ्या डोळ्यापर्यंत पोहोचवली होती. ज्याला मी माझी पोझिशन म्हणत होते, ती खरं तर माझी आणि त्या लांब दस्त्याची तडजोड होती. तडजोडीतला एक पक्ष निघून गेला होता आणि दुसऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी गोळ्या फार कमी झाडल्या. घरी रोज वीस मिनिटं, डमी काडतूस, भिंतीवर एक काळा ठिपका. डोळे मिटून पडायचं, उघडायचं, श्वास सोडायचा, ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यातली ढील घ्यायची, दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीवर बोट टेकवायचं आणि वाढवत जायचं. खट् झाल्यावरही तसंच राहायचं. बॅरलमधून बाहेर पडायला ही गोळी मोठ्या रायफलीच्या गोळीपेक्षा जास्त वेळ घेते. त्या वेळात डोकं उचललं की ती आपल्याबरोबर उचलली जाते. मी एकच गोष्ट बघायचे: ठिपक्यावरून फुली हलली का. पहिल्या आठवड्यात वीसात पाच वेळा हलायची. मग तीन. मग एखाद्या दिवशी एकदाही नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. थकलेली असले की मान परत येते, हे वहीतल्या तारखांवरून समजलं.

रविवारी रेंजवर गेले. वारा जवळपास नव्हता. १९ मिलिमीटरवाल्या लॉटची शेवटची डबी फोडली. पाच गोळ्या बॅरल तापवायला, मग दहा, सावकाश, प्रत्येकीआधी डोळे मिटून. सर त्या दिवशी आले नव्हते. काडतुसांची पितळं उचलली, चेंबर पाहिलं, बोटाने चाचपलं, बोल्ट उघडा ठेवून रायफल खाली ठेवली. शिशाची धूळ असते म्हणून हात साबणाने धुतले आणि मगच वही काढली.

तारीख लिहिली. वारा: नाही. अंतर: ५० मीटर. लॉट नंबर डबीवरून उतरवला. बदल या रकान्याशी आल्यावर जरा थांबले, मग लिहिलं: काही नाही. खाली टार्गेटचा मधला तुकडा कापून चिकटवला. नऊ भोकांचं मिळून एकच वेडंवाकडं भोक झालंय, अंगठ्याखाली झाकलं जाईल एवढं. दहावं अजून डावीकडे आहे.